खासगी कंपनीचा घोटाळा सरकारी ऑडिटरच्या टेबलावर कसा येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अलीकडेच सरकारी लेखापरीक्षणाच्या नोकरीत आला आहात. कुठल्याशा खासगी कंपनीचे खोटे हिशेब उघडकीला आले की काही महिन्यांत तुमच्या कार्यालयात नवी परिपत्रकं, नवे तक्ते, नवी प्रमाणपत्रं येऊ लागतात. जिच्याशी आपला काडीचाही संबंध नाही त्या कंपनीच्या पापाचं प्रायश्चित्त आपण का घ्यायचं, आणि यातून सरकारी ऑडिट आणि नियमन खरोखर सुधारतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

या कामात मी तीस वर्षांहून जास्त काळ काढला. संबंध आहे, आणि तुम्हाला वाटतो त्याहून जवळचा आहे. सुधारणाही होते, पण जिथे हवी तिथेच होते असं नाही. खासगी घोटाळ्यात बहुतेक वेळा ऑडिटर गप्प राहिलेला असतो. सरकारी कारभारात ऑडिटर आक्षेप घेतो, अहवाल छापून सभागृहासमोर जातो, आणि पॅरा, म्हणजे अहवालातला तो आक्षेप, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. पहिल्या दुखण्यावरचं औषध दुसऱ्या दुखण्याला दिलं तर गुण येतोच असं नाही. तुमच्या टेबलावर येणारं प्रत्येक नवं परिपत्रक मी याच एका कसोटीवर तपासत आलो: हे नेमक्या कुठल्या दुखण्यासाठी लिहिलंय?

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची ऑडिट फर्म आर्थर अँडरसन. २००० या एका वर्षात या फर्मला एन्रॉनकडून ऑडिटपोटी सुमारे २.५ कोटी डॉलर मिळाले आणि सल्लागारी व इतर कामांपोटी सुमारे २.७ कोटी. म्हणजे तपासणीपेक्षा सल्ल्याची कमाई मोठी. पुढच्याच वर्षी वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचा घोटाळा. तिथली क्लृप्ती इतकी साधी होती की कुठल्याही कनिष्ठ लेखापरीक्षकाला ती कळावी. दुसऱ्या कंपन्यांच्या दूरसंचार वाहिन्या वापरल्याबद्दल द्यायचं भाडं हा सरळसरळ महसुली खर्च, म्हणजे त्याच वर्षी पूर्ण दाखवायचा. तो भांडवली खर्चात, म्हणजे अनेक वर्षांत विभागल्या जाणाऱ्या मालमत्तेच्या खर्चात ढकलला आणि तोट्याचा नफा करून दाखवला. ते पकडलं कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने, कार्यालयीन वेळेनंतर बसून, वरिष्ठांना कळू न देता. हा तपशील मी नव्या मुलांना नेहमी सांगतो, कारण सरकारी संस्थांत तूट लपवायची सगळ्यात रुळलेली वाट हीच असते. दुरुस्ती-देखभालीचा खर्च ‘बांधकाम’ या शीर्षाखाली गेला की वर्षअखेरचा महसुली ताळमेळ छान जुळतो. कंपनी भागधारकांना फसवते तसंच एखादी संस्था आपल्या सभागृहाला फसवू शकते.

३० जुलै २००२ रोजी अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. ऑडिट फर्मवर देखरेख करणारं पीसीएओबी हे मंडळ आलं, ऑडिटरने त्याच ग्राहकाला कुठल्या सेवा द्यायच्या नाहीत याची यादी आली, आणि अंतर्गत नियंत्रणं चोख आहेत असं व्यवस्थापनाने स्वतःच्या सहीने सांगायची सक्ती आली. हा कायदा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी होता, सरकारी खात्यांसाठी नव्हता. तरी त्याचे पडसाद सरकारात उमटले. सरकारी ऑडिटची मानकं जिथे लिहिलेली आहेत त्या पुस्तकाला तिथे मुखपृष्ठाच्या रंगावरून यलो बुक म्हणतात. त्यातला स्वायत्ततेचा नियम जानेवारी २००२ मध्ये कडक झाला. त्यावरचं काम एन्रॉन कोसळण्याआधीच सुरू होतं, पण एन्रॉनमुळे त्याला विरोध करणाऱ्यांचे आवाज खाली आले. नियमाचा गाभा दोन वाक्यांत मावतो: व्यवस्थापनाचे निर्णय ऑडिटरने घ्यायचे नाहीत, आणि स्वतः केलेलं काम स्वतः तपासायचं नाही. पाठोपाठ डिसेंबर २००४ मध्ये अंतर्गत नियंत्रणांविषयीचं ए-१२३ हे जुनं परिपत्रक सुधारलं आणि मोठ्या खात्यांच्या प्रमुखांवर आर्थिक अहवालांमागच्या नियंत्रणांविषयी दरवर्षी हमी देण्याची जबाबदारी आली. तुमच्याकडे येणाऱ्या ‘नियंत्रणे परिणामकारक असल्याचे प्रमाणपत्र’ या कागदाचं कूळ साधारण तिथलं आहे.

हे सगळं वरून खाली झिरपतं कसं, याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण सॅन डिएगो शहराचं. शहराने आपल्या निवृत्तिवेतन निधीत पुरेसे पैसे भरले नव्हते, उलट लाभ वाढवून ठेवले होते, आणि २००२-०३ मध्ये रोखे विकताना गुंतवणूकदारांना याची नीट कल्पना दिली नव्हती. पत्रकारांनी शहराला ‘समुद्रकाठचं एन्रॉन’ म्हणायला सुरुवात केली. शहराच्या हिशेबांवर सही करायची होती ती एका खासगी फर्मला, आणि ते दिवस असे की एन्रॉनपायी अँडरसनसारखी अवाढव्य फर्म डोळ्यांदेखत नाहीशी झालेली. आधी चौकशी करा, मग सही, असं फर्मने सांगितलं. शहराचे ऑडिट केलेले हिशेब वर्षानुवर्षं अडकले, आणि ते नसल्यामुळे बाजारातून कर्ज उभारणंही अडलं. नोव्हेंबर २००६ मध्ये रोखे नियामकाने शहराविरुद्ध आदेश काढला. पुढे २००८ मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेत बदल करून स्वतंत्र ऑडिटर आणि ऑडिट समिती आणली. एन्रॉनने या शहराच्या तिजोरीतला एक डॉलरही नेला नव्हता. बदलली होती ती सही करणाऱ्या माणसाच्या मनातली भीती, आणि त्या भीतीने एका नगरपालिकेचा कारभार बदलला.

खरा पूल इथे आहे. सरकारी संस्थांचं ऑडिट अनेक देशांत याच खासगी फर्म करतात. भारतात सरकारी कंपन्यांचे वैधानिक ऑडिटर नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात आणि त्यावर आपलं पूरक लेखापरीक्षण करतात, पण नेमले जातात ते त्याच व्यवसायातले सनदी लेखापाल. त्यामुळे सत्यम या संगणक कंपनीच्या २००९ मधल्या घोटाळ्यानंतर आलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्यातली ऑडिटर बदलण्याची सक्ती, किंवा १ ऑक्टोबर २०१८ रोजी अस्तित्वात आलेलं एनएफआरए हे ऑडिटरांवर देखरेख करणारं प्राधिकरण, यांना ‘खासगी क्षेत्राच्या गोष्टी’ म्हणून बाजूला सारता येत नाही. माणसं तीच, प्रशिक्षण तेच, सवयीही त्याच.

सवयींवरून आता एका कागदाबद्दल सांगतो. माझ्या मते प्रत्येक सरकारी ऑडिटरने खासगी घोटाळ्यांतून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही. बँकेकडून येणारं शिल्लक-पुष्टीपत्र, म्हणजे खात्यात अमुक इतके पैसे आहेत असं बँकेने लेखी कळवणं.

डिसेंबर २००३ मध्ये इटलीची पार्मालात ही दुग्धपदार्थांची कंपनी कोसळली. केमन बेटांवरच्या तिच्या उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत ३.९५ अब्ज युरो असल्याचं पत्र ऑडिटरांच्या फायलीत होतं. बँकेने सांगितलं, असं खातंच आमच्याकडे नाही. बँकेचं नाव आणि चिन्ह स्कॅन करून ते पत्र बनवलेलं होतं. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी कबुलीपत्र लिहिलं. ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. तिथे पुष्टीपत्रं पाठवणं आणि परत घेणं या कामाचा ताबा ऑडिटरांनी कंपनीच्याच हाती सोडला होता, असं अमेरिकी नियामकाच्या कारवाईत नोंदलं गेलं. जून २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड या ऑनलाइन पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो सापडेनात. फिलिपिन्समधल्या ज्या दोन बँकांत ते असल्याचं सांगितलं जात होतं, त्यांनी कंपनी आपली ग्राहकच नाही म्हणून सांगितलं. तीन देश, सतरा वर्षांचं अंतर, आणि फट एकच: ज्याची तपासणी चालू आहे त्याच्याच हातून पुरावा घेतला गेला.

माझ्याबाबतीतही हे घडलं आहे. नोकरीची चार-पाच वर्षं झाली असतील. एका सार्वजनिक संस्थेच्या कर्मचारी निधीचं ऑडिट होतं. मुदत ठेवींची नोंदवही स्वच्छ, सुवाच्य, प्रत्येक ठेवीसमोर पावतीचा क्रमांक. पावत्या मात्र छायाप्रती. मूळ पावत्या ‘बँकेच्या लॉकरमध्ये’. मी पुष्टीपत्र मागितलं. लेखा शाखेतले गृहस्थ म्हणाले, “साहेब, तुम्ही बसा, आत्ता आणून देतो.” तासाभरात पत्र आलं. बँकेचं लेटरहेड, गोल शिक्का, सही, रकमा पैशापर्यंत जुळणाऱ्या. मी टिक मारली आणि पुढच्या नोंदवहीकडे वळलो. रात्री घरी गेल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. पत्रावर जावक क्रमांक नव्हता. ज्या बँकेत साध्या उताऱ्यालाही दोन दिवस लागतात तिथून तासाभरात पत्र आलं, आणि तेही जावक क्रमांकाशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः शाखेत जाऊन बसलो. व्यवस्थापकांनी खात्याची पानं उलटली आणि शांतपणे म्हणाले, “यातल्या तीन ठेवी आठ महिन्यांपूर्वीच मोडल्यात.” शिक्का खरा नव्हता. तो निधी माणसांच्या निवृत्तीनंतरच्या पैशांचा होता. त्या दिवशी मला स्वतःचीच जास्त भीती वाटली, कारण टिक मीच मारली होती.

त्यानंतर पुष्टीपत्राचं पाकीट मी नेहमी स्वतः टपालात टाकलं आणि उत्तर आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर मागवलं. बँकेचा पत्ता किंवा ईमेल संस्थेने दिला तरी तो स्वतंत्रपणे पडताळला. नियमांत हे पूर्वीपासून आहे. खासगी घोटाळ्यांनी ते नव्याने शिकवलं नाही, पण टाळलं तर काय होतं ते जगाला दाखवलं. माझ्या वरिष्ठांना ‘एवढं कशाला’ हा प्रश्न पडायचा तो पार्मालातनंतर पडेनासा झाला. घोटाळ्यांचा हा एक उपयोग खरा: जे काम प्रामाणिक ऑडिटरला आधीपासून करायचं असतं, त्यासाठी त्याला पाठबळ मिळतं.

आता दक्षिण आफ्रिकेकडे या. तिथे सगळ्यात थेट परिणाम दिसला, आणि तिथे औषध नेमक्या दुखण्याला लावलं गेलं. व्हीबीएस ही छोटी म्युच्युअल बँक मार्च २०१८ मध्ये प्रशासकाकडे गेली. कायद्याने परवानगी नसताना अनेक नगरपालिकांनी आपले पैसे तिथे ठेवले होते. म्हणजे पाणीपुरवठ्याचे, रस्त्यांचे पैसे. बँकेचं ऑडिट केपीएमजीकडे होतं, आणि फर्मच्या दोन भागीदारांनी बँकेशी असलेले आपले आर्थिक व्यवहार उघड केलेले नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या वतीने सरकारी ऑडिट करणाऱ्या दोन फर्मचे, केपीएमजी आणि न्कोंकी यांचे, करार तडकाफडकी संपवले. सरकारी ऑडिट कार्यालयाने एवढ्या उघडपणे ‘यांची सही आम्हाला चालणार नाही’ म्हटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. सार्वजनिक लेखापरीक्षण कायद्यातल्या दुरुस्तीची चर्चा आधीपासून चालू होती. सरकारी पैशांच्या लुटीच्या त्या काळात ती मार्गी लागली आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. तिच्यामुळे महालेखापरीक्षकांना गंभीर अनियमिततेचा पाठपुरावा करायचा अधिकार मिळाला. आधी संबंधित लेखा अधिकाऱ्याला, म्हणजे त्या संस्थेच्या प्रशासकीय प्रमुखाला कळवायचं. त्याने काही केलं नाही तर शिफारस. तीही दुर्लक्षित झाली तर बंधनकारक उपाययोजना. आणि शेवटी त्या अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत नावावर वसुलीचं प्रमाणपत्र. खासगी क्षेत्रातली एकही सुधारणा इथे जशीच्या तशी उचललेली नाही. सरकारी ऑडिटचं मूळ दुखणं, म्हणजे अहवाल लिहिला जातो पण कुणाचं काही बिघडत नाही, हे ओळखून हा कायदा लिहिला गेला. वसुलीपर्यंत प्रकरणं क्वचितच जातात, जावीतही क्वचितच. पण ‘पॅरा ड्रॉप होईल, बघू’ असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला आता दुसरा विचार करावा लागतो.

याच्या उलट इंग्लंड. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण चांगल्या हेतूने केलेली कडक देखरेख सरकारी ऑडिटचं नुकसान कसं करू शकते ते इथे दिसतं.

कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवा कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी बुडाली. सरकारकडची तिची सुमारे ४५० कंत्राटं होती. रुग्णालयांची बांधकामं अर्धवट थांबली. एक बरा परिणाम पटकन झाला: सरकारने कंत्राटं देण्याची मार्गदर्शिका काढली, पुरवठादाराची आर्थिक स्थिती नीट तपासायला सांगितली, आणि महत्त्वाच्या सेवा देणारी कंपनी बुडाली तर सेवा चालू कशी राहील याची योजना आधीच मागायला सुरुवात केली. खासगी ताळेबंद खोटा असेल तर सार्वजनिक सेवा बंद पडते, हे पटवायला एवढं मोठं नुकसान व्हावं लागलं. तुमच्या कामात याचा अर्थ असा की फक्त निविदा प्रक्रिया तपासून थांबू नका. कंत्राटदार उद्या बुडाला तर संस्थेकडे काय तयारी आहे, हाही ऑडिटचा प्रश्न आहे.

दुसरा परिणाम मात्र वेगळा झाला. ऑडिटरांवर देखरेख करणाऱ्या एफआरसीवर चहूबाजूंनी टीका झाली. डिसेंबर २०१८ च्या किंगमन अहवालाने ती मोडीत काढून नवं नियामक मंडळ आणा, अशी शिफारस केली. नवं मंडळ आणायचा कायदा वर्षानुवर्षं रखडला, पण असलेलं मंडळ कडक झालं, आणि त्याची तपासणी स्थानिक संस्थांच्या मोठ्या ऑडिटांवरही चालत होती. इथे मागची गोष्ट सांगायला हवी. स्थानिक संस्थांची ऑडिटं बघणारं ऑडिट कमिशन ३१ मार्च २०१५ रोजी बंद करण्यात आलं होतं आणि हे काम मूठभर खासगी फर्मकडे गेलं होतं, तेही घटलेल्या शुल्कात. फर्मनी पाहिलं की नियामक कागदपत्रं मागतो ती मालमत्तांचं मूल्यांकन आणि निवृत्तिवेतनाचं दायित्व यांची, कारण कंपन्यांच्या ऑडिटमध्ये धोका तिथे असतो. मग नगरपालिकांच्या ऑडिटमध्येही वेळ तिथेच जाऊ लागला. जो रस्ता किंवा जे ग्रंथालय कुणी कधीच विकणार नाही त्याच्या मूल्यांकनावर महिनोन्महिने पत्रव्यवहार, आणि पालिका कर्ज काढून कशात पैसे घालते आहे हे बघायला माणूस नाही.

२०२० मधल्या रेडमंड अहवालाने दाखवलं की २०१८-१९ ची ४० टक्के ऑडिटं मुदतीत झाली नव्हती. पुढे ते कोसळतच गेलं. ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत २०२२-२३ चे ऑडिट झालेले हिशेब जेमतेम १ टक्का संस्थांनी प्रसिद्ध केले होते. याच काळात कर्जाच्या पैशांवर मोठ्या गुंतवणुकी करणाऱ्या पालिका आर्थिक संकटात सापडल्या: डिसेंबर २०२२ मध्ये थरक, जून २०२३ मध्ये वोकिंग. अखेर सरकारने तुंबलेली ऑडिटं संपवायला शेवटची तारीख घालून दिली आणि असंख्य हिशेबांवर ऑडिटरांनी ‘मत देता येत नाही’ असं लिहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर राष्ट्रीय महालेखापरीक्षकांना संपूर्ण सरकारच्या एकत्रित हिशेबांवरच मत देणं अशक्य झालं, कारण खालचे आकडे विश्वासार्ह नव्हते. याला कॅरिलियन हे एकच कारण नव्हे. कमिशन बंद करणं, शुल्क कापणं, अनुभवी माणसं जाणं ही कारणं माझ्या मते जास्त मोठी. पण खासगी घोटाळ्यानंतरची कडक तपासणी त्या खिळखिळ्या व्यवस्थेवर आदळली आणि तिचा उरलासुरला वेळही खाऊन गेली, हे मी ठामपणे म्हणेन. ऑडिटचा मूळ साठा वेळेचा असतो. तीन वर्षांनी आलेला अचूक अहवाल सभागृहाच्या काय कामाचा? ज्यांनी तो निर्णय घेतला ते निवडणूक हरून घरी गेलेले असतात.

नियामकांबद्दल थोडं. वायरकार्ड प्रकरणात जर्मन नियामक बाफिनने २०१९ मध्ये कंपनीच्या शेअर्सच्या शॉर्ट सेलिंगवर, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने शेअर्स उसने घेऊन विकण्यावर, बंदी घातली आणि संशय छापणाऱ्या पत्रकारांविरुद्धच तक्रार केली. ऑडिटरांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुखाने तपास चालू असताना वायरकार्डच्या शेअर्सचे व्यवहार केल्याचं नंतर उघड झालं आणि त्याला पद सोडावं लागलं. १ जुलै २०२१ पासून नवा कायदा आला आणि हिशेब तपासण्याचे थेट अधिकार बाफिनकडे गेले. त्याआधी पहिली तपासणी एका खासगी संस्थेकडे होती. सरकारी ऑडिटरने यातून घ्यायचं ते हे की नियामक संस्थाही आपल्या तपासणीच्या कक्षेतल्या संस्थाच आहेत. त्यांचं बजेट आणि प्रवासभत्ते तपासून परतू नका. किती तक्रारी आल्या, पहिली तक्रार आणि पहिली कारवाई यांत किती दिवस गेले, कुठली फाईल कुणाच्या टेबलावर किती काळ होती, हे तपासा. घोटाळ्याची चाहूल बहुतेक वेळा कुणीतरी आधीच लेखी कळवलेली असते.

आणि नियम कितीही कडक झाले तरी ते तळापर्यंत पोहोचत नाहीत, याचा पुरावा म्हणजे अमेरिकेतलं डिक्सन हे गाव. वस्ती सुमारे सोळा हजार. सार्बेन्स-ऑक्सलीला जवळजवळ दहा वर्षं झाली होती. नगरपालिकेच्या हिशेब प्रमुख रीटा क्रंडवेल यांनी दोन दशकांत ५.३७ कोटी डॉलर लंपास केले. पद्धत: पालिकेच्या नावाने एक जादा बँक खातं, त्याचं नाव सांडपाणी प्रकल्पाच्या राखीव निधीसारखं वाटावं असं, आणि त्यात पैसे वळवण्यासाठी राज्य शासनाच्या नावाची खोटी बिलं. दरवर्षी ऑडिट होत होतं. २०११ मध्ये त्या लांब रजेवर गेल्या. बदलीवर काम बघणाऱ्या कर्मचारी महिलेने बँकेकडून पालिकेच्या सगळ्या खात्यांचे उतारे मागवले आणि हे अनोळखी खातं समोर आलं. पुढे ऑडिटर आणि बँक यांनी मिळून पालिकेला सुमारे ४ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. एवढ्या वर्षांत जे एकाही ऑडिटरने विचारलं नाही ते एका बदली कर्मचाऱ्याने विचारलं, कारण तिला कामासाठी सगळे उतारे हवे होते.

मग तुम्ही काय करायचं? परिपत्रक आलं की ते भरा, ते चुकवता येणार नाही. पण त्यातली कलमं वाचताना विचारा की यातलं काय खरोखर पुरावा मागतं आणि काय फक्त सही मागतं. पुरावा मागणाऱ्या कलमांना वेळ द्या, सही मागणाऱ्यांना लागेल तेवढाच. तपासणीला जाल तिथे संस्थेने दिलेली बँक खात्यांची यादी घेऊन थांबू नका. संस्थेच्या नावाने किती खाती आहेत हे बँकेलाच विचारा, बंद झालेल्या खात्यांसह. महसुली आणि भांडवली शीर्षांतले मार्चअखेरचे फेरफार एकेक करून बघा. हिशेब ठेवणारी व्यक्ती वर्षानुवर्षं एक दिवसही रजा घेत नसेल तर कौतुक करण्याआधी तिचं काम महिनाभर दुसऱ्याकडे द्यायला सांगा. तुमच्याच कार्यालयातल्या कुणी त्या संस्थेची लेखापद्धती बसवून दिली असेल, तर त्या व्यक्तीला त्या तपासणीवर पाठवू नये असं लेखी मांडा, वरिष्ठांना आवडलं नाही तरी.

आणि नवी तपासणी सुरू करण्याआधी मागच्या पाच वर्षांचे पॅरे काढा. प्रत्येकासमोर लिहा: मान्य झाला का, वसुली झाली का, पद्धत बदलली का, की ‘उत्तर समाधानकारक’ म्हणून नुसता निकाली निघाला. माझ्या कार्यालयात आम्ही हा तक्ता पहिल्यांदा केला तेव्हा एकाच संस्थेत एकच आक्षेप चार अहवालांत चार वेगवेगळ्या शब्दांत सापडला. पाचव्या वेळी आम्ही तो नवा पॅरा म्हणून लिहिला नाही. आधीच्या चारही अहवालांचे उतारे, तारखा आणि त्या-त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी दिलेली लेखी आश्वासनं एका पानावर मांडली आणि ते पान ऑडिट अहवालांवर सुनावणी घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षांच्या हाती दिलं. सुनावणीत त्यांनी ते मोठ्याने वाचलं. त्या वर्षी वसुली झाली.